गळ, तळें आणि मोल

मासे धरणें हा कोणास पोटाचा उद्योग असतो, तर कोणास करमणुकीचा. आणि हा भेद पुष्कळ जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत (इ. स. ११३० च्या सुमारास) 'मत्स्यविनोद' नांवाचें प्रकरण असून, माशांच्या जाती, त्यांचें आमिष आणि गळ यांचा त्यांत तपशीलवार विचार आहे. गळाचा छंद साहेबानेंच या देशांत आणला, हा समज म्हणून खरा नव्हे. नवें झालें तें इतकेंच कीं, राजांचा हा विनोद शुल्क भरणाऱ्या नागरिकांच्या आटोक्यांत आला. मुंबईचा पवई तलाव १८९१ सालीं पाणीपुरवठ्याकरितां बांधला गेला. त्याचें पाणी पिण्याजोगें राहिलें नाहीं, पण महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशनच्या आश्रयानें तेथें गळ टाकून बसणाऱ्यांचा छंद मात्र रुजला.

याच मुंबईहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग आमगांवावरून जातो. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यांत मोडणारा हा गोंदियाचा मुलूख तळ्यांचा म्हणून प्रसिद्ध आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनीं भात व ऊंस यांच्यासाठीं येथें तळीं बांधलीं. नवेगांवचा बांध कोलू पाटील कोहळी यानें घातला, असें स्थानिक परंपरा सांगते. पाण्यानें शेतें पिकलीं आणि मासळीनें ढिवरांचीं घरें चाललीं. पुढें तत्कालीन मध्यप्रदेशाच्या १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली, तळीं सरकारजमा झालीं, आणि ढिवरांच्या सहकारी संस्था ठेक्याची रक्कम भरून त्यांत मासेमारी करूं लागल्या.

म्हणजे पैसा दोघेही भरतात. परंतु गळास मासा न लागल्यास शहरच्या हौशी गृहस्थाची फार तर एक दुपार फुकट जाते. तळें आटलें अगर गाळानें भरलें तर ढिवराचें सबंध वर्ष बुडतें, आणि ठेक्याची रक्कम गेली ती गेलीच. दोन्ही व्यवहारांस मासेमारीचें शुल्क हें एकच नांव देतां येईल, पण त्यांचें मोल एक नव्हे.

छंदास आमचा विरोध नाहीं. एकाग्रता आणि धीर शिकविणाऱ्या करमणुकी थोड्याच आहेत, व ही त्यांतली एक. मात्र उद्यां या तळ्यांच्या कांठींही तिकीट लावून गळ टाकण्याची सोय करावी असें कोणाच्या मनांत आलें, तर त्यानें प्रथम ढिवरांस विचारावें, आणि येणाऱ्या पैशांतून आधीं तळ्यांतला गाळ काढावा. ज्यांनीं पाणी अडविलें आणि ज्यांनीं तें राखलें, त्यांस कांठावर उभें करून केलेला विनोद हा विनोद नव्हे.