लॅपटॉपच्या झाकणावरचा रंग : एक कुळकथा

कारखान्यातून राखाडी किंवा काळ्या रूपात बाहेर पडलेल्या लॅपटॉपला मालकाने आपल्या पसंतीचा रंग देणे, त्याच्या झाकणावर चित्रांकित फिल्म चढवणे किंवा धातूवर लेसरने नक्षी कोरून घेणे, ही एकविसाव्या शतकातील हौस आहे असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः लिहिण्याच्या यंत्राचे अंग सजवण्याची प्रथा त्या यंत्राइतकीच जुनी आहे, आणि तिचे कूळ शोधू लागल्यास टंकलेखन यंत्र, शिवणयंत्र व त्याही मागे सतराव्या शतकातील इंग्रजी रोगणकाम इतके मागे जावे लागते. या वंशावळीत यंत्राचे रूप मालकाच्या किंवा रचनाकाराच्या आवडीने जेवढे ठरले त्याहून अधिक ते रंगाखालच्या द्रव्याने ठरवले. बीड, पत्रा, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम यांपैकी प्रत्येकाने आपापला रंग, आपापला कारागीर आणि आपापली खोड सोबत आणली.

चीन व जपान येथील चकचकीत काळ्या पेट्या सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात पोहोचू लागल्या, तेव्हा तशी झिलई आपल्याकडे का साधत नाही, हा प्रश्न तेथील कारागिरांपुढे उभा राहिला. जपानी रोगण, ज्याला उरुशी म्हणतात, हे एका विशिष्ट झाडाचा चीक असून तो वाळण्याऐवजी उबदार व दमट हवेत रासायनिक क्रियेने घट्ट होतो. ते झाड युरोपात नव्हते आणि त्याचा चीक लांबच्या सागरी प्रवासात टिकवणे जिकिरीचे होते. त्यामुळे युरोपने पर्याय म्हणून हिंदुस्थानातून येणारी लाख वापरली. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या सूक्ष्म किड्यांचा हा राळेसारखा स्राव असून, उरुशीशी त्याचे काहीही नाते नाही. 1580 च्या दशकात गोव्यात राहिलेल्या यान ह्युखेन व्हान लिन्सखोटेन या डच प्रवाशाने आपल्या ग्रंथात या लाखेचे वर्णन केले आहे, आणि सावंतवाडीच्या लाखकामाशी परिचय असलेल्या वाचकाला ते द्रव्य अनोळखी वाटणार नाही. जॉन स्टॉकर व जॉर्ज पार्कर यांनी 1688 मध्ये ऑक्सफर्ड येथे प्रसिद्ध केलेल्या रोगणविषयक ग्रंथातील कृतींत दाणेदार लाख आणि चपडा मद्यार्कात विरघळवून त्याचे एकावर एक थर देण्यास सांगितले आहे. ‘जपानी’ म्हणून इंग्लंडात मिरवलेल्या कामाचा कच्चा माल अशा रीतीने बऱ्याच अंशी हिंदी होता.

लाखेचा थर लाकडावर शोभत असे, पण धातूवर आणि उष्णतेपुढे त्याचा निभाव लागत नसे. हा अडसर अठराव्या शतकात वेल्समधील पाँटिपूल येथे ऑलगुड घराण्याने दूर केला. डांबरासारखे खनिज द्रव्य, जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचे मिश्रण पत्र्यावर लावून तो पत्रा भट्टीत दीर्घकाळ भाजला की कठीण, गुळगुळीत आणि गंज रोखणारा लेप तयार होई. डांबर मुळातच काळपट असल्याने हा लेप काळाच होता. पुढे दीड-दोनशे वर्षे यंत्रे काळी राहिली यामागे अभिरुचीचा वाटा थोडा आणि डांबराचा मोठा आहे. याच धंद्यात बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल याने पैसा मिळवला व तो अक्षरांचे खिळे पाडण्यात घातला, म्हणून मुद्रणाच्या इतिहासात त्याचे नाव राहिले. अक्षर आणि काळे रोगण यांची ही पहिली गाठ म्हणता येईल, जरी ती निव्वळ योगायोगाने पडली असली तरी.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिवणयंत्रे घराघरांत जाऊ लागली, तेव्हा या लेपाला मोठे काम मिळाले. यंत्राचा सांगाडा बिडाचा, म्हणजे वाळूच्या साच्यात ओतलेल्या लोखंडाचा असे. तो खडबडीत असे आणि लवकर गंजत असे. त्यावर काळ्या लेपाचे अनेक थर भाजून, घासून गुळगुळीत केले जात आणि नंतर सोनेरी वेलबुट्टी उमटवली जाई. ही वेलबुट्टी हाताने रंगवलेलीही असे, परंतु उत्पादन वाढताच कागदावर उलटी छापलेली नक्षी ओल्या अवस्थेत यंत्रावर चिकटवून कागद सोडवून घेण्याची पद्धत रूढ झाली, आणि वर पारदर्शक रोगणाचा हात दिला की नक्षी पक्की होई. भारतातील शिंप्यांच्या दुकानांत आणि मध्यमवर्गीय घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या काळ्या शिवणयंत्रांवरील सोनेरी नक्षी याच पद्धतीची आहे. दिवाणखान्यात ठेवायचे लोखंडी यंत्र गृहिणीला परके वाटू नये, हा त्यामागील व्यापारी हिशेब होता.

टंकलेखन यंत्राचा जन्म या शिवणयंत्राच्या घरातच झाला. क्रिस्टोफर शोल्स व कार्लोस ग्लिडन यांच्या यंत्राचे उत्पादन न्यूयॉर्क राज्यातील इलियन येथील रेमिंग्टन कंपनीने हाती घेतले. बंदुकांसाठी प्रसिद्ध असलेल्या या कंपनीत हे काम शिवणयंत्र विभागातील कारागिरांकडे गेले. परिणामी 1874 मध्ये बाजारात आलेल्या यंत्राला शिवणयंत्रासारखा स्टँड मिळाला, काही यंत्रांत ओळ बदलण्यासाठी पायटा बसवला गेला आणि काळ्या रोगणावर फुलांची चित्रे आली. लिहिण्याच्या यंत्राची ही पहिली सजावट कोणा कलावंताच्या विचारातून आलेली नव्हती, तर शेजारच्या टेबलावरील सवय तिच्यात उतरली होती. हे यंत्र फारसे खपले नाही. 1878 च्या दुसऱ्या आवृत्तीत लहान व मोठी अशी दोन्ही इंग्रजी अक्षरे आली, यंत्राने कचेरीत पाय रोवले आणि फुले गेली. उरली ती काळी झिलई आणि कंपनीचे सोनेरी नाव. घरात यंत्र नटते आणि कचेरीत ते काळे किंवा करडे होते, हा नियम तेव्हापासून पुढे अनेकदा खरा ठरला.

रंगाचे पुनरागमन मोटारींच्या वाटेने झाले. ड्यूपाँट कंपनीने 1920 च्या दशकाच्या पूर्वार्धात ड्यूको नावाचा, नायट्रोसेल्युलोजवर आधारलेला रंग बाजारात आणला. तो फवाऱ्याने मारता येई, थोड्या वेळात वाळे आणि डांबरी लेपाप्रमाणे काळ्यापुरता मर्यादित नव्हता. याच दशकाच्या उत्तरार्धात घरी व प्रवासात वापरण्याच्या छोट्या टंकलेखन यंत्रांना रॉयल, रेमिंग्टन, कोरोना या कंपन्यांनी लाल, हिरवे, निळे रंग दिले. कचेरीतील मोठी यंत्रे मात्र बराच काळ काळीच राहिली. 1930 च्या दशकात सुरकुत्या पडलेल्या पोताचा रंग प्रचलित झाला. या रंगाचा वरचा थर खालच्या थराआधी आवळतो आणि त्यामुळे संपूर्ण पृष्ठभागावर बारीक वळ्या उमटतात. त्या डोळ्यांवर येणारी चमक कमी करत आणि ओतकामातील दोष झाकत. म्हणजे दिसायला शोभा असलेली ही गोष्ट कारखान्याच्या काटकसरीचीही होती.

प्लास्टिक आल्यावर रंग लेपातून निघून थेट द्रव्यात शिरला. एट्टोरे सोट्सास आणि पेरी किंग यांनी ऑलिव्हेट्टीसाठी रचलेल्या 1969 च्या ‘व्हॅलेंटाइन’ यंत्राचे लाल कवच एबीएस प्लास्टिकचे होते, म्हणून ओरखडा पडला तरी आतून लालच दिसे. बिल मॉग्रिज यांनी रचलेला 1982 चा ‘ग्रिड कंपास’ हा घडी होणाऱ्या लॅपटॉपचा पूर्वज मात्र मॅग्नेशियमच्या कवचाचा आणि काळा होता. त्या काळातील संगणक कंपन्या कचेरीसाठी फिकट, करड्या-पांढुरक्या छटांवर स्थिरावल्या होत्या, कारण जर्मनीतील कार्यालयीन आरोग्याच्या निकषांना कागद आणि यंत्र यांच्या उजळपणातील मोठा फरक मान्य नव्हता. 1992 मध्ये आयबीएमने रिखार्ड सॅपर यांच्या रचनेनुसार काळा थिंकपॅड आणला तेव्हा या प्रघाताविरुद्ध जाणे हेच त्याचे वैशिष्ट्य ठरले. मूळ कल्पना जपानी जेवणाच्या काळ्या डब्याची असल्याने उरुशीची आठवण अप्रत्यक्षपणे परत आली, हा योगायोगही नोंदण्याजोगा आहे.

पुढील काळात काळ्या लॅपटॉपवर रबरासारखा मऊ स्पर्श देणारे पॉलियुरेथेनचे लेप सर्रास दिसू लागले. हातातून निसटू नये आणि बोटांचे ठसे दिसू नयेत यासाठी ते सोयीचे असले, तरी हवेतील आर्द्रता काही वर्षांत त्यांच्या रेणूंच्या साखळ्या तोडते आणि लेप चिकट होऊ लागतो. कोकणासारख्या दमट हवेत हा दोष अधिक जाणवावा हे ओघानेच येते. असा लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढणे ही मग मालकाच्या नव्या रंगकामाची पहिली पायरी होऊन बसते.

धातूचे प्रकरण वेगळे आहे. ॲपलने 2001 मध्ये टायटॅनियमचा पॉवरबुक काढला तेव्हा त्याच्या कडांचा रंग पापुद्र्यांनी सुटत असे आणि धातूचे कवच वायरलेस जाळ्याच्या लहरींनाही अडवत असे. 2003 पासून कंपनीने ॲल्युमिनियम वापरले आणि त्यावर रंगाऐवजी ॲनोडायझिंग केले. या प्रक्रियेत ॲल्युमिनियमचा भाग आम्लाच्या द्रावणात बुडवून त्यातून वीज सोडली जाते, त्यामुळे धातूच्या स्वतःच्या अंगातून अतिसूक्ष्म छिद्रांचा कठीण ऑक्साइडचा थर वाढतो, छिद्रांत रंगद्रव्य भरता येते आणि नंतर गरम पाण्यात छिद्रे मिटवली जातात. बेंगफ व स्टुअर्ट यांनी 1923 मध्ये ब्रिटनमध्ये ही कल्पना समुद्री विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी विकसित केली होती. हा थर धातूत मुरलेला असल्याने त्याचे पोपडे निघत नाहीत, पण त्याच कारणाने मालकाला तो घरी बदलताही येत नाही. फार तर लेसरने त्यावरील रंग उडवून फिकट रेषांत नक्षी कोरता येते.

मालकाच्या हाती फवारा आणि फिल्म एवढेच मार्ग उरले. फवाऱ्याचे काम घरगुती वाटले तरी शिस्त मागते: कवच सोडवून घेणे, पॉलिश पेपरने घासून चकाकी घालवणे, तेलकटपणा पुसणे, धातूला किंवा प्लास्टिकला मानवणारा प्रायमर देणे, मग पातळ थर, आणि शेवटी पारदर्शक रोगण. एबीएसवर तीव्र द्रावक वापरला तर कवच विरघळते. धातूचे कण असलेला रंग अँटेनाच्या जागेवर दिला तर वाय-फाय मंदावते. वाऱ्याच्या जाळीत रंग साठला तर यंत्र तापते. काही कारागिरांनी रंगाचा नाद सोडून कवचच बदलले. रिचर्ड नागी यांनी 2007 च्या सुमारास लाकूड व पितळ यांचा, घड्याळाच्या किल्लीने सुरू होणारा लॅपटॉप घडवला, आणि त्यात शोभेच्या हौसेने व्हिक्टोरियन शिवणयंत्राच्या काळाकडे उघडपणे मागे वळून पाहिले होते.

फिल्मचा मार्ग अधिक लोकप्रिय ठरला. स्टॅन्टन ॲव्हरी यांनी 1935 मध्ये लॉस एंजेलिस येथे स्वयंचिकट लेबलांचे उत्पादन सुरू केले, पुढे विनाइलच्या फिल्मा आल्या आणि पाटीवाले व मोटारींचे सजावटकार त्या वापरू लागले. डिंकाच्या थरात सूक्ष्म खाचा ठेवून हवा बाहेर जाऊ देण्याची युक्ती साधल्यावर बुडबुडे न येता फिल्म बसवणे सामान्य माणसालाही जमू लागले. महाराष्ट्रात वाहनांच्या पाट्या कापून देणारे ‘रेडियमवाले’ हेच काम करतात, आणि त्यांतील काहींनी लॅपटॉपचे झाकण मापून त्यावर हव्या त्या चित्राची फिल्म कापून देण्यास सुरुवात केली. कागदावरची नक्षी यंत्रावर उतरवणाऱ्या इलियनच्या कारागिरांशी त्यांचे नाते जवळचे असले तरी एक फरक आहे: तेथील नक्षीवर रोगण चढले की ती कायमची होई, येथे मालक फिल्म काढून खालचा कारखानी करडा रंग शाबूत ठेवू शकतो आणि यंत्र विकताना तोच रंग दाखवून किंमत मागतो.