टारफुला आणि ज्वारीचे मूळ

पाऊस पुरेसा होऊनही ज्वारीची ताटे कोमेजू लागली की जाणता शेतकरी वाकून बुंध्यापाशी इवलेसे पांढरे फूल शोधतो. ते टारफुल्याचे. बटाटा, टोमॅटो, तंबाखू यांच्या मुळांवर जगणाऱ्या बंबाखूचा हा भाऊबंद. रोप जमिनीबाहेर दिसते तेव्हा मुळाशी चोरी होऊन चुकलेली असते. त्यामुळे फवारणाऱ्याचा हात नेहमी उशिरा पोहोचतो.

१९५६ साली अमेरिकेच्या कॅरोलिना प्रांतांत मक्यावर एका अज्ञात रोगाची चर्चा होती. तो रोग नसून टारफुला आहे, हे तेथे शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने ओळखले. पुढच्याच वर्षी सरकारने बाधित भागावर निर्बंध घातले. टू-फोर-डी हे तणनाशक फवारून बी धरण्यापूर्वीच रोपे मारली. पुढे यंत्राने जमिनीत इथिलीन वायू सोडला. या वायूने बी फसून रुजते आणि यजमान मूळ न मिळाल्याने मरते. गव्हातले निदण कापणीपर्यंत राहू द्यावे, असा बायबलात दृष्टांत आहे. टारफुल्याला मात्र ती सवलत देता येत नाही. एका रोपाचे बी हजारोंनी पडते व मातीत दहा-दहा वर्षे जिवंत राहते. सुमारे पावणेदोन लाख हेक्टरांवरील उपद्रव शतकाअखेर काही हजारांवर आला. पण त्यामागे सरकारी तिजोरी होती.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ मध्ये इक्रिसॅट ही संशोधनसंस्था निघाली. तिच्यापुढचा शेतकरी निराळा होता. तो ज्वारीत तुरीच्या ओळी टाकतो. टू-फोर-डी ज्वारीला सोसते, तुरीला जाळते. भाकरी वाचवून वरण गमवावे, असा हा सौदा! म्हणून संशोधकांची दृष्टी मुळाकडे वळली. एन-१३ या भारतीय ज्वारीच्या मुळातील आतल्या थरांच्या पेशीभित्ती जाड असून टारफुल्याचे शोषकमूळ तेथेच अडते, असे सूक्ष्मदर्शकाखाली आढळले. सार-१ हा प्रतिकारक वाणही तेथेच तयार झाला.

गंमत अशी की, इथिलीनचे काम कपाशीही करते. तिच्या मुळांच्या स्रावाने टारफुल्याचे बी रुजते, पण तिच्यावर पोसत नाही. त्या स्रावातील बी रुजवणारे द्रव्य १९६६ साली अमेरिकेत वेगळे काढण्यात आले. काळ्या जमिनीत ज्वारीनंतर कपाशी घेणारा शेतकरी या द्रव्याचे नाव न जाणताही त्याचा लाभ घेतो. पूर्णतः अभेद्य वाण मात्र अद्याप नाही. बी धरण्यापूर्वी उरलेली रोपे हातानेच उपटावी लागतात, आणि ते काम बहुधा बायकांच्याच वाट्याला येते.