ड्रायर फिरतो, पण कपडे वाळत नाहीत

मृग नक्षत्र लागून पावसाची झड सुरू झाली, की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. कपडे यंत्रात धुतले, ड्रायरमध्ये फिरवले, तरीही ते दोन-दोन दिवस वाळत नाहीत. गॅलरीतल्या दोऱ्या, खिडकीचे गज, खुर्च्यांच्या पाठी अशा मिळेल त्या जागी ओलसर कपडे लोंबत राहतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांना कुबट वास येऊ लागतो. सगळा दोष ड्रायरच्या माथी मारला जातो. तो काही वेळा खराच असतो. मात्र बऱ्याचदा दोष यंत्रापेक्षा ते वापरण्याच्या पद्धतीत किंवा त्याच्याकडून बाळगलेल्या अपेक्षेत असतो.

मराठी घरांत ‘ड्रायर’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या यंत्रांसाठी वापरला जातो. सेमी ऑटोमॅटिक मशीनमधील लहान टोपलीचा ड्रायर कपडे वाळवत नाही, तो ते पिळतो. टोपली वेगाने फिरते आणि कपड्यांतील पाणी तिच्या भोकांतून बाहेर फेकले जाते. दुसरा प्रकार उष्णतेवर चालणारा. त्यात तापवलेली हवा कपड्यांतून खेळवून पाण्याची वाफ केली जाते. या दोन कामांना लागणाऱ्या विजेत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एक लिटर पाण्याची साध्या तापमानाला वाफ करण्यासाठी सुमारे ०.६८ युनिट इतकी उष्णता लागते. दीडशे वॅटची मोटर पाच मिनिटे फिरवून पाणी पिळण्यास मात्र एका युनिटचा जेमतेम ऐंशीवा भाग पुरतो. त्यामुळे उष्णतेचा ड्रायर घरी असला, तरी पिळण्याचे काम नीट झाले आहे की नाही, हेच आधी पाहिले पाहिजे.

ते पाहण्याची सोपी कसोटी म्हणजे वजनकाटा. कोरड्या कपड्यांचे वजन धुण्यापूर्वी करून ठेवावे आणि पिळून झाल्यावर पुन्हा करावे. सुती कपडे मूळ वजनाच्या दीडपट ते पावणेदोनपट भरले, तर सेमी ऑटोमॅटिकचा ड्रायर आपले काम चोख करतो आहे असे समजावे. त्यानंतरही ते वाळत नसतील तर अपराधी हवा आहे, यंत्र नव्हे. वजन दुपटीच्या घरात किंवा त्याहून अधिक भरले तरच पुढील तपास करावा. कपड्यांना हात लावून केलेला अंदाज फसवा असतो. थंड कपडा ओला भासतो, तर गरम कपडा ओला असूनही कोरडा वाटतो.

येथे फेऱ्यांच्या आकड्यांबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण दुकानात त्यावरून बरीच दिशाभूल होते. पाणी बाहेर फेकणारा जोर मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या वर्गाबरोबर वाढतो, पण तो टोपलीच्या रुंदीवरही अवलंबून असतो. सेमी ऑटोमॅटिकची अरुंद टोपली मिनिटाला १३५० फेऱ्या घेते तेव्हा कपड्यांवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे अडीचशे पट जोर पडतो. समोरून झाकण असलेल्या मशीनचा रुंद ड्रम जवळपास तेवढाच जोर १००० फेऱ्यांत निर्माण करतो. वरून कपडे टाकण्याच्या स्वयंचलित मशीनला मात्र ७०० फेऱ्यांत सव्वाशे-दीडशे पटीवर समाधान मानावे लागते. जुने सेमी ऑटोमॅटिक काढून महागडे टॉप लोड मशीन घेतलेल्या गृहिणीला ‘पूर्वीचेच बरे होते’ असे वाटते, ते उगाच नाही. अशा मशीनमधील ‘एअर ड्राय’ हा पर्यायही उष्णतेचा नसतो. त्यात टोपली अधिक वेळ फिरवून हवा आत खेळवली जाते, इतकेच.

<b>टोपलीचा ड्रायर</b>

कपडे पिळले न जाण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे ते कोंबून आणि एकाच बाजूला भरणे. पाणी प्यायलेली जीन्स एकीकडे व हलके शर्ट दुसरीकडे असले, की टोपली डगमगते, कडेला आपटते आणि पूर्ण वेग घेत नाही. जड कपडे तळाशी, हलके वर, सगळीकडे सारखे पसरून हाताने दाबावेत आणि त्यांवर प्लॅस्टिकची जाळीदार चकती न विसरता बसवावी. ही चकती नसेल तर फिरताना रुमाल, मोजे उडून टोपली आणि बाहेरील टाकी यांच्यामधील फटीत अडकतात. मग ड्रायर कण्हत फिरतो किंवा अजिबात फिरत नाही. रेनकोट, रेक्झिनचे टेबलपोस यांसारखी पाणी आरपार जाऊ न देणारी वस्तू ड्रायरमध्ये मुळीच घालू नये. तिच्या घडीत साचलेले पाणी वेग वाढताच एका बाजूला जाते आणि सबंध मशीन जागचे हलते.

दुसरे कारण पाण्याच्या वाटेतले असते. कपड्यांतून निघालेले पाणी टाकीच्या तळाशी साचून राहिले, तर टोपली त्याच पाण्यात फिरत राहते. नळी मोरीपर्यंत उताराने जाते ना, ती मशीनखाली दबली किंवा दुमडली नाही ना, तिचे तोंड मोरीच्या तुंबलेल्या पाण्यात बुडाले नाही ना, हे पाहावे. नळीत दोरे, केस आणि खिशातील नाणी साचतात. हाताने धुण्याची पावडर सढळ वापरणाऱ्यांच्या घरी आणखी एक गोष्ट घडते. टाकी आणि टोपली यांच्यामध्ये फेसाचा थर दाटतो आणि टोपलीला तो जणू धरून ठेवतो. अशा वेळी स्वच्छ पाण्यात कपडे पुन्हा खळबळून काढणे हाच उपाय. पिळताना वरील नळ किंचित उघडा राहिला असेल, तर कपडे कधीच पिळले जाणार नाहीत. हे सांगणे बाळबोध वाटेल. पण दुरुस्तीला आलेल्या माणसाने नळ बंद करून भेटशुल्क घेऊन जावे, असे प्रकार घडत असतात.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर आवाज ऐकावा. खटका फिरवल्यावर काहीच आवाज नसेल, तर प्लग, टायमर किंवा झाकणाखालील सुरक्षा खटका यांपैकी एखादा दोष असतो. झाकण वाकलेले असेल तर तो खटका दाबलाच जात नाही. मोटर नुसती घुमते पण टोपली हलत नाही, किंवा हाताने ढकलल्यावरच फिरू लागते, असे असेल तर बहुधा कपॅसिटर निकामी झालेला असतो. वीजतंत्री त्याला सर्रास ‘कंडेन्सर’ म्हणतात. तो भाग स्वस्त असतो आणि बदलण्यास वेळही लागत नाही. मात्र प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते, त्यामुळे जाणकाराशिवाय त्याला हात लावू नये. टोपली फिरते पण रखडत फिरते आणि जळका वास येतो, तेव्हा झाकणाला तारेने जोडलेला ब्रेक पूर्ण सुटत नसण्याची शक्यता असते. संध्याकाळी विजेचा दाब कमी होणाऱ्या गावांत मात्र हीच लक्षणे यंत्र निर्दोष असतानाही दिसतात. तेच कपडे सकाळी फिरवून पाहिले की उलगडा होतो.

पावसाळ्यात आणखी एका उपद्रव्याची भर पडते. अनेक सेमी ऑटोमॅटिक मशीन खालून उघड्या असतात. कोरड्या, उबदार आडोशाच्या शोधात उंदीर तेथे शिरतात आणि वायरी कुरतडतात. अशा मशीनच्या पत्र्यात वीज उतरू शकते. ओल्या मोरीत अनवाणी उभे राहून हाताळल्या जाणाऱ्या यंत्राला योग्य अर्थिंग असणे म्हणूनच अत्यावश्यक आहे. हाताला किंचितही मुंग्या आल्या, तर मेन स्विच बंद करून मगच प्लग काढावा.

ब्रेकबाबत एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. झाकण उघडताच टोपली काही सेकंदांत थांबलीच पाहिजे. ती फिरतच राहत असेल, तर कपडे कितीही उत्तम पिळले जात असले तरी ड्रायर वापरणे त्याच दिवशी बंद करावे. फिरत्या टोपलीतील साडीचा किंवा ओढणीचा पदर हाताभोवती गुंडाळला गेल्यास मनगट, कोपर मोडू शकते. घाई करणारी मोठी माणसे आणि कुतूहलाने डोकावणारी मुले या दोघांनाही हा धोका आहे.

<b>उष्णतेचा ड्रायर</b>

आता महानगरांतील सदनिकांमध्ये आणि परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांमध्ये सर्रास दिसणाऱ्या उष्णतेच्या ड्रायरकडे वळू. पावसाळी हवा दमट असल्यामुळे तो चालत नाही, हा समज खरा नाही. २८ अंश तापमानाची ९० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा ६० अंशांपर्यंत तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे १७ टक्क्यांवर येते. कपडे वाळवण्यास ती पुरेशी कोरडी असते. अडचण निराळीच असते. बंद न्हाणीघरात किंवा कपाटात ठेवलेला ड्रायर स्वतःच बाहेर टाकलेली वाफ पुन्हा आत ओढतो. दार-खिडकी उघडून एकदा चालवून पाहिले, तर कित्येकांची तक्रार तेथेच संपते.

न संपल्यास हवेची वाट तपासावी. कपड्यांचे तंतू अडवणारी जाळी प्रत्येक खेपेनंतर साफ करायची असते, महिन्यातून एकदा नव्हे. वरून स्वच्छ दिसणारी जाळी नळाखाली धरावी. पाणी आरपार न जाता वर साचले, तर कपडे मऊ करणाऱ्या द्रावणाचा पातळ थर तिच्यावर बसला आहे असे समजावे. साबण आणि मऊ ब्रशने तो निघतो. त्यानंतर बाहेर जाणारी नळी. ती जितकी लांब आणि जितकी वळणे अधिक, तितकी हवा मंद. मुंबईत तर बाहेरच्या तोंडाशी कबुतरांनी काड्या रचून ठेवलेल्या आढळतात.

ही साफसफाई केवळ विजेच्या बिलासाठी नाही. साचलेले तंतू कापसासारखे पेट घेतात. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अहवालानुसार २००८ ते २०१० या काळात तेथील घरांत ड्रायरमुळे दरवर्षी सुमारे २,९०० आगी लागल्या आणि त्यांचे सर्वांत मोठे कारण साफसफाई न करणे हेच होते. त्याचे प्रमाण ३४ टक्के होते. आपल्याकडे त्यात तेलाची भर पडते. बाळाच्या मालिशीचे पंचे, डोक्याच्या तेलाने माखलेले अभ्रे, स्वयंपाकघरातील तेलकट फडकी धुतल्यानंतरही तेल धरून ठेवतात. गरम करून ढीग घातल्यास ती आपोआप तापत जाऊन पेटू शकतात. असे कपडे उष्णतेच्या ड्रायरमध्ये घालू नयेत आणि कोणतीही खेप शेवटच्या थंड फेऱ्या पूर्ण होण्याआधी मध्येच थांबवून तशीच सोडू नये.

कपडे ओले असतानाच ड्रायर ‘झाले’ म्हणून थांबत असेल, तर ड्रमजवळच्या धातूच्या दोन पट्ट्या पाहाव्यात. ओला कपडा त्यांना टेकला की ओल कळते. त्यांवर थर बसला, किंवा ड्रममध्ये दोनच कपडे असले, तर यंत्र फसते. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पट्ट्या पुसणे पुरते.

ड्रम फिरतो पण आत थंडच, ही तक्रार मात्र विजेची आहे. बहुधा अति तापल्यामुळे सुरक्षा फ्यूज उडालेला असतो. तो नुसता बदलणारा तंत्रज्ञ अर्धेच काम करतो. हवेची वाट तुंबलेली राहिली तर नवा फ्यूजही उडणार. अमेरिकेत २४० व्होल्टच्या ड्रायरला दोन तारांतून वीज मिळते. त्यांपैकी एकीचाच फ्यूज किंवा ब्रेकर गेला, तरी मोटर चालू राहते आणि उष्णता मात्र बंद होते. तेथील भाड्याच्या घरांत हा अनुभव नेहमीचा आहे. भारतात अशा यंत्राला १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग हवा. एक्स्टेंशन बोर्डावर तो कदापि चालवू नये.

वाफेचे पाणी टाकीत साठवणाऱ्या ड्रायरमध्ये टाकी रिकामी करणे आणि ज्यांत ती सोय आहे त्यांत आतील जाळीदार पेटी धुणे, एवढे सांभाळले की पुरे.

धुणे आणि वाळवणे एकाच ड्रममध्ये करणाऱ्या मशीनची तक्रार सर्वाधिक असते आणि तिचे कारण सर्वांत साधे असते. आठ किलो धुणारे यंत्र बहुधा पाचच किलो वाळवू शकते. धुवून झालेले कपडे निम्मे बाहेर काढून उरलेले वाळवावेत, असे त्याच्या माहितीपुस्तकात लिहिलेले असते. शिवाय अशी कित्येक यंत्रे वाफ थंड करण्यासाठी वाळवतानाही नळाचे पाणी घेतात. ज्या सोसायटीत पाणी ठरावीक वेळीच येते, तेथे नळ गेल्यावर यंत्र तासन् तास फिरत राहते आणि कपडे गरम पण ओलेच बाहेर येतात. अशा घरी वाळवण्याची खेप पाण्याच्या वेळेतच लावावी लागते.