एक गणक आणि चौसष्ट गणक

आजच्या विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. कामगार चळवळीत हयात घालवलेल्या माणसांनी गणकयंत्रावर काय बोलावे? पण हा विषय मुळात कामाच्या वाटणीचा आहे, आणि कामाची वाटणी म्हटली की आम्हांला बोलल्यावाचून राहवत नाही.

इ. स. 1980 नंतरच्या दशकात आपल्या देशाला मोठे गणकयंत्र हवे होते. अमेरिकेने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी क्रे कंपनीचे यंत्र देण्यास नकार दिला. हवामानाच्या कामासाठी त्याहून लहान यंत्र दिले, तेही अटी घालून. तेव्हा मार्च 1988 मध्ये पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली. तिचे प्रमुख डॉ. विजय भटकर आपल्या शेजारच्या वऱ्हाडचे, अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे. अभियांत्रिकीचे शिक्षण नागपुरास झालेले. (वऱ्हाडी माणूस सावकाश चालतो म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.) मुदत तीन वर्षांची होती.

या मंडळींनी एकच महाबलाढ्य गणक घडवण्याचा नाद धरला नाही. ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे लहान गणक त्यांनी एकत्र जुंपले. प्रत्येकाला चार दुवे असत व त्यांवरून तो शेजाऱ्यांशी बोले. 1991 साली असे 64 गणक एकाच कामाला लावणारे ‘परम 8000’ उभे राहिले.

आता हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांत ज्यांनी पाळ्या केल्या, त्यांना हे सांगावयास नको की चात्या दुप्पट केल्या म्हणजे सूत दुप्पट होतेच असे नाही. मागचे कार्डिंगखाते होते तेवढेच राहिले, तर पुढच्या चात्या पेळूची वाट पाहत उभ्या राहतात. जीन अ‍ॅमडाल या अमेरिकन अभियंत्याने 1967 साली गणकयंत्राविषयी हेच सांगितले. कामाचा दहावा हिस्सा वाटता येत नसेल, तर 64 गणक लावूनही वेग जेमतेम पावणेनऊपट होतो. हजार लावले तरी दहापटीची वेस ओलांडत नाही. मालकाने हा हिशेब समजून घेतला, तर सूत कमी पडल्याचा दोष चातीवरच्या बाईवर येणार नाही.

दुसरी अडचण याहून बिकट. समजा, वर्गणीच्या वहीत 500 रुपये शिल्लक आहे. दोघे कार्यकर्ते एकाच वेळी तो आकडा पाहतात. एक 50 मिळवून 550 लिहितो, दुसरा 30 मिळवून त्यावरच 530 लिहितो. दोघेही प्रामाणिक, बेरजाही बरोबर, आणि संघाचे 50 रुपये गेले! वही एका वेळी एकाच्याच हाती असली पाहिजे. डच गणिती डाइक्स्ट्रा यांनी 1965 मध्ये गणकांसाठी या प्रश्नाची उकल मांडली, आणि त्यांनी सुचवलेल्या खुणेचे नाव रेल्वेच्या सिग्नलवरून ‘सेमाफोर’ पडले. वर्धा जंक्शनावर हात पडण्याची वाट पाहत थांबलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना निराळे स्पष्टीकरण नको.

पुढे ट्रान्सप्युटरचा वंश खुंटला; पण काम वाटण्याची विद्या राहिली. एकट्या गणकाचा वेग वाढवावा तर तो तापू लागला. 2004 साली इंटेल कंपनीने आपला एक नवा वेगवान गणक अर्ध्यावर सोडला, आणि 2005 पासून घरगुती यंत्रांतही एका चकतीवर दोन-दोन गाभे येऊ लागले. आज खिशातल्या फोनमध्ये आठ असतात.

मात्र प्रत्येक यंत्राची कार्यप्रणाली निराळी. आमच्या भाषेत सांगावयाचे तर प्रत्येक गिरणीचे स्थायी आदेश निराळे. युनिक्सच्या घराण्याने काम वाटण्याची एक रीत 1995 मध्ये ठरवली. विंडोजची रीत वेगळीच. एकीसाठी लिहिलेले काम दुसरीकडे न्यावयाचे तर ते पुन्हा लिहावे लागे. शेवटी यंत्रे बनवणारे व वापरणारे एका मेजाशी बसले आणि 1994 मध्ये ‘एमपीआय’ हा निरोप-देवघेवीचा करार झाला. एका यंत्रातील गाभ्यांसाठी ‘ओपन एमपी’ 1997 मध्ये आला. आम्ही असंख्य करार वाचले आहेत. परस्परांचे स्पर्धक असलेल्या मालकांनी एकच मसुदा मान्य करावा, हे आमच्या धंद्यात क्वचितच घडते.

हे सारे वर्ध्याच्या माणसाला कशाला हवे? हवामानाचे गणित घ्या. देशावरच्या आकाशाच्या चौकटी पाडतात, चौकटींचे गठ्ठे गणकांत वाटतात, आणि प्रत्येक गणक आपल्या कडेचे वारे व बाष्प शेजारच्याला कळवतो. एक मागे राहिला की सगळे खोळंबतात. सप्टेंबर 2024 मध्ये पुण्यास ‘अर्क’ हे यंत्र याच कामासाठी सुरू झाले. मे 2025 पासून अंदाजासाठी चौकटीची बाजू 12 किलोमीटरांवरून 6 किलोमीटरांवर आली. मृगाच्या सरीवर विसंबून सरकी टोबणाऱ्या शेतकऱ्याला दुबार पेरणीचा खर्च काय असतो ते ठाऊक आहे. त्याचे शिवार आता निम्म्या बाजूच्या चौकटीत बसते. तरी सहा किलोमीटरांत दोन-तीन गावे येतात, आणि पाऊस एका गावात पडून दुसरे कोरडे ठेवतो, हे आपण दर जूनमध्ये पाहतोच.