आजीची भुई आणि काकांचा नकाशा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त भाचीचं. ती तत्त्वज्ञान शिकते. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानावरच्या एका कार्यशाळेला जाऊन आली आणि फोनवर म्हणाली, "मामा, दोन दिवस एकच वाद चालला होता. एखाद्या गोष्टीचा नकाशा काढता आला, तिचं गणित मांडता आलं, म्हणजे ती कळली असं म्हणायचं का?"

मी म्हटलं, अगं, हा वाद आपल्या घरात तीस वर्षं चालला. कोयनेवरून!

आमचं मूळ गाव पाटण तालुक्यातलं. १९६२ च्या आसपास कोयनेच्या धरणात पाणी साठू लागलं आणि थोड्याच दिवसांत हादरे सुरू झाले. चुलत आजी म्हणायची, "पानी चढलं की भुई गुरगुरती बघ." थोरले काका पाटबंधाऱ्यात ओव्हरसियर. ते हसायचे. त्याच १९६२ साली देशाचा भूकंपाचा पहिला अधिकृत नकाशा निघाला होता आणि त्यात दख्खनच्या पठाराचा मोठा भाग शून्य पट्ट्यात होता. शून्य! काळा पाषाण, हलायचा कसा? शिवाय काकांचं गणित बिनतोड होतं. खाली कित्येक किलोमीटर खडक, त्यावर शंभर मीटर पाण्याचं वजन ते किती?

११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या सुमारास ६.३ चा धक्का बसला. कोयनानगर झोपेतच कोसळलं. पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. मी तेव्हा सात वर्षांचा, कऱ्हाडला. आईनं मला पांघरुणासकट उचलून अंगणात आणलं आणि उजाडेपर्यंत कोणी घरात गेलं नाही, एवढंच आठवतं. गावाकडच्या घराची मागची भिंत गेली. आजी वाचली.

धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. त्याच्या आराखड्यात भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ५ टक्के धरला होता. धरणाच्याच पोटातल्या यंत्रावर ६३ टक्क्यांपर्यंत नोंद झाली. (हे दोन आकडे अगदी एका जातीचे नाहीत, पण अंदाज यावा.) आज जगभरचे इंजिनिअर संगणकावरची धरणं याच कोयनेच्या नोंदीवर हलवून बघतात. नकाशाही बदलला. १९७० च्या नकाशातून शून्य पट्टा गेला आणि कोयना चौथ्या पट्ट्यात आली.

मग आजी बरोबर होती का? इथे मी बरीच वर्षं अडकलो होतो. पाणी आणि हादरे यांची जोडी तिनं ओळखली होती, आणि हर्ष गुप्तांसारख्या भूकंपशास्त्रज्ञांनी पुढे पाण्याच्या पातळीचा आणि हादऱ्यांचा आलेख शेजारी शेजारी मांडला, तेव्हा तीच जोडी कागदावर आली. पण जोडी दिसणं वेगळं आणि कारण कळणं वेगळं. आजीच्या मते भुईला भार सोसत नव्हता. काका भाराचाच हिशोब करून ते खोडत होते. म्हणजे दोघांचं चित्र एकच, फक्त उत्तरं उलटी.

खरी गोम भारापेक्षा दाबात निघाली. खालच्या खडकात जुन्या भेगा आहेत, त्या आधीच ताणलेल्या, पण दोन्ही बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या म्हणून थांबलेल्या. धरणाचं पाणी फटीफटीतून खोल जातं आणि त्याचा दाब आतून त्या बाजूंना किंचित अलग करतो. पकड सैल झाली की ताण सुटतो. पाणी तिथे वंगणाचं काम करतं असं अनेकजण सांगतात, ते तितकंसं खरं नाही.

आता हे नुसतं कोयनेपुरतं जुळवलेलं स्पष्टीकरण आहे की खरी समज, हे कळणार कसं? त्याची परीक्षा झाली सांगली जिल्ह्यात. कोयनेच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर, शिराळा तालुक्यात चांदोलीला वारणेचं धरण झालं. १९८५ पासून ते भरू लागलं, आणि १९९३ च्या डिसेंबरात नि १९९४ च्या फेब्रुवारीत वारणेच्या बाजूला पाच रिश्टरच्या आसपासचे धक्के बसले. साताऱ्यात शिकलेला धडा सांगलीत पुन्हा लागू पडला.

काका तेव्हा रिटायर झाले होते. ते मुद्दाम गावी गेले, आजीसमोर बसले आणि म्हणाले, "काकी, तुमचं खरं होतं." आजी नव्वदीची. तिनं विचारलं, "मग म्होरला कधी यील?" काकांना सांगता येईना. तिला ते पटलंच नाही. एवढं कळलंय म्हणता, तर दिवस का नाही सांगता येत?

२०१७ साली पाटण तालुक्यातच, गोठण्याला, तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. वरचा सव्वा किलोमीटर काळा पाषाण, खाली ग्रॅनाइट. हादरे जिथे जन्मतात तिथेच यंत्रं बसवून बघावं हा त्यामागचा हेतू. आजीचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे.

भाची म्हणते, मला कोयनानगर दाखवा. दिवाळीत जायचं घाटतंय. कऱ्हाडहून कोणी येणार असाल तर कळवा, गाडीत दोन जागा आहेत.