वॉलरसमधला घोडा आला कुठून?

स्वीडिशमध्ये वॉलरसला 'वालरोस' म्हणतात. शब्द फोडला तर 'वाल' म्हणजे देवमासा, 'रोस' म्हणजे घोडा. झाली व्युत्पत्ती? थांबा. ('वाल'चा दुसरा अर्थ निवडणूक. १९०६ च्या लेखनसुधारणेआधी देवमाशाच्या 'वाल'आधी एक 'ह' लिहायचे, म्हणून हा गोंधळ तरी नव्हता.)

पहिली शंका अशी घ्या. स्वीडिशमध्ये रोजचा घोडा 'हेस्त' असतो. पाणघोड्याला ते 'फ्लूदहेस्त' म्हणतात, म्हणजे चक्क नदीघोडा. मग वॉलरसमध्येच 'रोस' का? कारण हा शब्द त्यांनी घरी बनवलेला नाही, डच-जर्मनकडून आलेला आहे.

दुसरी शंका समासाची. शाळेतला तत्पुरुष आठवा: उत्तरपद प्रधान. म्हणजे 'वालरोस' हा एक प्रकारचा घोडा! पण नवव्या शतकात ओतेरे नावाच्या नॉर्वेच्या दर्यावर्दीने इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाला जी हकिगत सांगितली, तिच्यात शब्द उलटा आहे: 'होर्सह्वेल', घोडा-देवमासा. इतर देवमाशांपेक्षा बराच लहान, सुळे मौल्यवान, कातड्याचे जहाजासाठी दोर होतात, असं त्याचं वर्णन. इथे प्राणी देवमाशांत मोजलाय, आणि ते जास्त पटतं.

जुन्या नॉर्समध्ये आणखी गंमत आहे. तिथे दोन शब्द सापडतात. 'ह्रोसह्वाल्र' हा एक प्रकारचा देवमासा, आणि 'रोस्मह्वाल्र' म्हणजे वॉलरस. या 'रोस्म'चा घोड्याशी संबंध दिसत नाही. दोन्ही एकमेकांत मिसळले आणि पुढे डचांनी आपल्या 'वालविस' (देवमासा) शब्दाच्या धर्तीवर पदं उलटी केली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अंदाजच म्हणा, मला तो पटतो, पण मधला प्रत्येक दुवा हातात नाही.

म्हणून शब्दाचे तुकडे अर्थपूर्ण दिसले की लगेच टिपण बंद करू नका. आधी जुनी रूपं कालक्रमाने लावा, मग पदांचा क्रम बघा. १९१९-२० मध्ये ऑक्सफर्डच्या कोशावर काम करताना टोल्किनने (हो, तोच!) या एका शब्दाच्या व्युत्पत्तीचे अनेक मसुदे लिहिले होते.

प्राण्याला ना घोडा, ना देवमासा ठरवलं ते एका स्वीडिश माणसानेच. १७५८ साली लिनियसने त्याला सीलच्या गटात घातलं: 'फोका रोस्मारस'. पुढे 'फोका' जाऊन 'ओडोबेनस' आलं, 'रोस्मारस' मात्र अजून तिथेच आहे.