बांधावरचा काँग्रेस

शिरूर-दौंडकडं गाजरगवताचा विषय निघाला की पारावरचा एखादा म्हातारा ठासून सांगतो, हे बहात्तरच्या दुष्काळात मिलोबरोबर आलं. चार बुकं शिकलेला असेल तर तो ‘पीएल ४८०’चं नाव घेतो. दोघांचा रोख अमेरिकेकडंच. गावानं निकाल कधीच देऊन टाकलाय. पण तारखा लावत बसलं की हा खटला जरा डळमळायला लागतो.

आधी मिलोचं पाहू. मिलो म्हणजे परदेशी लाल ज्वारी. शाळूच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीवर वाढलेल्या या भागाला दुष्काळात ती रेशनवर घ्यावी लागली. खडी फोडायला जाणाऱ्यांनी ती नाक मुरडत का होईना, खाल्ली. पण गाजरगवत तोवर पुण्यात चांगलंच मुरलं होतं. वनस्पतिशास्त्रज्ञ शेषगिरी राव यांनी १९५६ साली पुण्यातल्या या रोपाची नोंद छापली. १९५१ मध्येच प्रा. परांजपे यांना ते उकिरड्यांवर तुरळक दिसलं होतं, असंही तज्ज्ञांच्या लिखाणात सापडतं. १९६८ पर्यंत तर पुण्यातले त्वचारोगतज्ज्ञ त्यानं होणाऱ्या त्वचादाहावर लिहायला लागले होते. म्हणजे मिलो निर्दोष. मग नाव त्याचंच का झालं? माझा तर्क असा : दुष्काळात रानं पडीक राहिली, जनावरं छावणीत गेली किंवा विकली गेली, आणि पुढच्या पावसात त्या मोकळ्या जमिनीवर हे गवत माजलं. लोकांनी ते डोळ्यात भरण्याइतकं पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

आता पीएल ४८०. अमेरिकेच्या कोठारांत गहू मावेनासा झाला होता, आणि भुकेला आशिया कम्युनिस्टांच्या वळचणीला जाईल ही धास्तीही होती. ही दोन्ही दुखणी एकाच औषधानं बरी करायला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १० जुलै १९५४ रोजी सार्वजनिक कायदा क्रमांक ४८० वर सही केली. गहू घ्या, डॉलर नकोत, तुमच्या रुपयांत पैसे भरा, असा तो व्यवहार. भारताचा पहिला करार २९ ऑगस्ट १९५६ चा. इथं आरोप अडखळतो, कारण रोप पुण्यात त्याआधीच उभं होतं.

त्याआधीही परदेशी गहू येतच होता, हे खरं. १९५१ मध्ये अमेरिकेनं १९ कोटी डॉलरचं गहूकर्ज दिलं, तेही महिनोन्‌महिने वाद घालून. नेहरू कोणाच्याच गटात यायला तयार नाहीत, मग त्यांना धान्य का द्यायचं, असा तिकडच्या खासदारांचा सवाल होता. हा घोळ चालू असतानाच रशिया आणि चीन यांनीही धान्य देऊ केलं. भुकेल्याला कोण आधी वाढतो याची अशी शर्यत. बी त्या गव्हातून आलं असेल का? असेलही. पण वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या १८१४ च्या यादीत कलकत्त्याच्या बागेतल्या झाडांमध्ये गाजरगवताचं नाव आहे, आणि १८८० चा एक वाळवलेला नमुना डेहराडूनला आहे. त्यामुळं पहिल्या बियाचा गुन्हा पीएल ४८०वर टाकायला मी तयार नाही. नंतरच्या लाखो टन गव्हाबरोबर आणखी बी आलं नसेल, अशी ग्वाही मात्र कोणी देऊ नये.

लोकांच्या रागाला कारण वेगळंही होतं. १९६५ ते ६७ या काळात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजं हात आखडून सोडली. व्हिएतनामवरच्या बाँबहल्ल्यांवर दिल्ली बोलली की तिकडं कपाळाला आठ्या पडत. शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं ते याच टंचाईत. हा अपमान आठवणीत राहिला आणि गवताच्या माथी चिकटला, असं मला वाटतं. १९७१ अखेर आपण सवलतीचा गहू बंद केला. दोन वर्षांत परत तंगी आली, तेव्हा सोव्हिएत युनियननं २० लाख टन गहू उसना दिला. गंमत म्हणजे आदल्याच वर्षी त्यांनी स्वतः अमेरिकेकडून गव्हाची प्रचंड खरेदी केली होती.

जाता जाता पीएल ४८०च्या व्यवहारातली एक चांगली गोष्ट सांगितली पाहिजे. इथं साठलेल्या रुपयांतून अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानं १९६२ पासून भारतीय पुस्तकं विकत घ्यायला सुरुवात केली. मराठी कथा-कादंबऱ्या तिकडच्या विद्यापीठांत पोचल्या त्या या पैशावर. उरलेल्या रकमेपैकी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन यांनी १९७४ मध्ये भारत सरकारच्या हाती ठेवला आणि हिशेब मिटवला.

गवताचा हिशेब काही मिटला नाही. मेक्सिकोच्या आखाताकडचं हे झाड रस्ता, रेल्वे आणि पाणी धरून पसरतं, आणि आमच्याकडं तिन्ही आहेत. दौंडला मनमाडचा फाटा फुटतो, शिरूरमधून नगर रस्ता जातो, खडकवासल्याचा कालवा दौंडला आणि चासकमानचा शिरूरला येतो. कोवळं असताना त्याची पानं गाजराच्या पाल्यासारखी जमिनीला चिकटून पसरतात. मग दांडा वर येतो आणि टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी फुलं लागतात. म्हणून काही ठिकाणी ते चटकचांदणी झालं, आणि बाकी सगळीकडं पांढऱ्या टोपीवरून सरळ काँग्रेस. एका झाडाला हजारो बिया धरतात. जनावर सहसा तोंड लावत नाही, लावलंच तर दूध कडवट होतं. खुरपणाऱ्या बाया हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधतात, तरी मनगटावर चट्टे उठतातच.

त्यावरचा उताराही मेक्सिकोहूनच आणला. १९८३ मध्ये बंगळुरूला तिथले भुंगेरे आणले आणि पुढच्या वर्षी रानात सोडले. पाठीवर काळ्या रेघा असलेला, हरभऱ्याहून लहान असा हा किडा पाऊसकाळात पानांची चाळण करून टाकतो. पुढं कर्नाटकात तो सूर्यफुलावर दिसल्याची ओरड झाली, चौकशी बसली. आमच्या भागात त्याची अडचण दुसरीच आहे. पावसाळा सरला की तो जमिनीत शिरून झोपतो, तो पुढच्या पावसालाच उठतो. आणि कालव्याच्या कडेचं गाजरगवत उन्हाळ्याच्या आवर्तनावरही उगवतं, फुलतं, बी टाकून मोकळं होतं. तेवढं फुलाआधी उपटायला शेवटी माणूसच लागतो, आणि उन्हाळ्यात बांधावर त्या कामाला रोज द्यायची कुणाची तयारी नसते.